पहिली टेक

इंग्लंड, दक्षिण किनारा
१९ जून १९४४

ब्रायडी,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र न फोडताच चुलीत घालावंसं वाटेल. घाल, पण आधी वाच. कॉन माझी बोट आणि आपलं बेट सोडून कॅनडात कोळशाच्या खाणीवर गेला तेव्हा मी त्याला, माझ्या मेव्हण्याला, सगळ्या गल कोव्ह गावादेखत बिळातली चिचुंद्री म्हणालो आणि तू माझ्या तोंडावर दार लावलंस. ते बरोबरच केलंस. मी त्या वर्षी रागारागाने इंग्लंडच्या नौदलात नाव घातलं, तो तिकडे कॅनडाच्या पलटणीत गेला. भांडण तिथेच राहिलं, मिटवायला कोणी घरी नव्हतं.

तुला तार आली असेल. तारेत 'कामी आला' एवढंच असतं, बाकीचं घरच्यांनी मनाने रचायचं. ते रचत बसू नकोस म्हणून लिहितोय. कॉन सहा तारखेला सकाळी गेला. फ्रान्सच्या वाळूवर पाऊल ठेवलं आणि छातीत गोळी लागली. जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. पलटणीचा पाद्री जवळच होता. मला ही खबर पक्क्या माणसाकडून मिळाली आहे. आमची भेट मात्र झाली नाही.

माझं म्हणशील तर मी जिवंत आहे. सैन्य उतरवायच्या ज्या चपट्या बोटी असतात, पुढून दार पडणाऱ्या, तसली एक माझ्याकडे आहे. मी तिचा तांडेल. त्या सकाळी समुद्रावर कोण नव्हतं ते विचार. कॅनडाचे, इंग्लंडचे, पलीकडे अमेरिकेचे. नॉर्वे आणि पोलंडच्या युद्धनौका होत्या, त्यांचे देश तर केव्हाच गिळले गेलेत. फ्रान्सची जहाजं स्वतःच्याच किनाऱ्यावर तोफा डागत होती. आणि सगळ्यांत आम्ही आपले कॉड मासेवाले, वीस वर्षं समुद्रावर घालवलेले म्हणून बोटी आमच्या हाती दिलेल्या.

आमची पत्रं साहेब वाचून मग पाकीट चिकटवतात. म्हणून जास्त लिहीत नाही. ॲग्नेसला मामाचा पापा दे. सहा वर्षांची झाली ना?

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज


६ ऑगस्ट १९४४

ब्रायडी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढं चिडून तू याआधी एकदाच लिहिलं होतंस.

हो, मी खोटं लिहिलं. गोळी लागली नाही. तो तेओफिल जे लिहितो ते खरं आहे. तेओफिल कॉनच्याच तुकडीतला, तो इस्पितळातून कशाला खोटं लिहील? बोट खोल पाण्यात थांबली, दार पडलं, पुढचे अकरा जण पाठीवरच्या ओझ्यासकट सरळ खाली गेले. तेओफिलला पोहता येत होतं म्हणून तो राहिला. मी गोळी लिहिली, कारण बाबा बुडाले तेव्हा आईने वर्षभर खिडकीला पाठ करून जेवण केलेलं मी पाहिलंय. तुला तरी बुडालेला माणूस द्यायचा नाही असं वाटलं. एवढाच माझा गुन्हा समज.

आणि हो, आमची भेट झाली होती. तेही लपवलं. पहाटे मोठ्या जहाजाच्या कठड्यापाशी. आमच्या बोटी कठड्यालगत टांगलेल्या असतात, शिपाई रांगेने येऊन त्यांत बसतात. रांगेत कॉन होता. तीन वर्षांनी समोरासमोर आलो. मग त्याने तुझ्या मोज्यांचा विषय काढला, तू विणून पाठवलेले करडे मोजे. अंगावर तेवढी एकच चीज सरकारी नाही म्हणाला. हसला. मग तो त्याच्या बोटीत गेला, मी माझ्या.

तू लिहितेस, 'तो तांडेल कोण होता ते शोधून काढ. तू तिथला आहेस, तुला कळेल. मला त्याचं नाव हवं आहे. नाव नसलं की मला समुद्राचाच राग येतो आणि समुद्र तर रोज खिडकीत आहे.'

नाव घेऊन काय करणार आहेस? पण शोधतो. बोटी पुष्कळ होत्या, धूर होता, गोंधळ होता. वेळ लागेल.

कॉनची होडी उलटी करून ठेवलीस ते चांगलं केलंस. फळ्यांना माशाचं तेल लाव, नाहीतर हिवाळ्यात तडकतील. मी येऊन ती चालवावी असं लिहिलं आहेस. तुझ्या मनात एवढं आलं हेच माझ्यासाठी खूप आहे.

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज


२९ सप्टेंबर १९४४

ब्रायडी,

दोन महिन्यांत तुझी तीन पत्रं आली, तिन्हींत एकच प्रश्न. लहानपणी दात दुखायला लागला की तू असंच करायचीस, काढेपर्यंत सगळ्यांना जागं ठेवायचीस.

तर ऐक. नाव मिळालं. वॉल्टर हॉबडे. इंग्लंडच्या कॉव्हेंट्री गावचा. लढाईआधी गावातली बस चालवायचा. समुद्र त्याने नौदलात आल्यावर पहिल्यांदा पाहिला. भरती कुठली आणि ओहोटी कुठली ते आम्ही त्याला शिकवलं. आम्ही त्याला कंडक्टर म्हणायचो, तो म्हणायचा, "अरे ड्रायव्हर म्हणा, कंडक्टर पोटासाठी उभा असतो, मी बसून कमावतो." मनाने भला होता. त्याच दिवशी तिसऱ्या फेरीत त्याच्या बोटीखाली सुरुंग फुटला. त्यामुळे ज्याच्यावर चिडायचं तोही आता नाही.

कसं झालं तेही सांगतो, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. तिथला किनारा आपल्यासारखा खडकाचा नाही. सगळी वाळू. आणि वाळू सरळ चढत नाही. किनाऱ्याच्या आधी पाण्याखाली वाळूचा एक उंचवटा असतो, त्याच्या पलीकडे पुन्हा दोन पुरुष खोल पाणी, मग खरी पुळण. बोट उंचवट्यावर टेकते आणि वाटतं की आलो. शिकवताना आमचे साहेब घसा फोडून सांगायचे, "पहिली टेक खोटी, दुसरी खरी. पहिल्या टेकेला इंजिन पूर्ण जोरात ठेवा, बोट वाळू खरवडत पार होईल." हॉबडे पहिल्या टेकेलाच थांबला. त्याने दार पाडायला सांगितलं. बस.

त्याला फार वाईट म्हणू नकोस. आपल्याकडचा कोणीही थांबला असता.

आता हा विषय पुरे. बटाटे काढून झाले का? ॲग्नेसचं पडसं?

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज


३ डिसेंबर १९४४

ब्रायडी,

तू हे काय केलंस?

तुझं पत्र आलं तेव्हा मी चहा घेत होतो. तो तसाच गार झाला. तू हॉबडेला माफ केलंस, इथवर मला समजलं. दर रविवारी कॉनच्या मेणबत्तीशेजारी त्याच्याही नावाची लावतेस, तेही समजलं. फादर म्हणाले असतील की असं केल्याने मन हलकं होतं, आणि तुझं होतंय असं तूच लिहितेस. पण नौदलाच्या कचेरीतून त्याच्या आईचा पत्ता काढून तिला पत्र कशाला धाडलंस? 'तुमच्या मुलाच्या हातून माझा नवरा गेला, पण माझ्या मनात काही नाही.' असं लिहिलंस? ह्याच शब्दांत? त्या म्हातारीला काय ठाऊक होतं? तिचा मुलगा चांगलं काम करून गेला एवढंच तिला कोणीतरी सांगितलं असणार.

तुला एवढंच सांगतो, पुन्हा लिहू नकोस तिला. तिचं उत्तर आलं तर मला कळव.

मला कसला तरी शौर्याचा बिल्ला मिळणार अशी बातमी तुझ्यापर्यंत पोचली, आणि फादरनी ती चर्चमध्ये वाचून दाखवली म्हणतेस. त्यांना सांग, पुन्हा वाचू नका. कशासाठी मिळणार ते मला विचारू नकोस.

आणि ॲग्नेसला माझा फोटो दाखवून 'मामा येणार, मामा बाबाची होडी चालवणार' असं सांगत जाऊ नकोस. पोरं आशा लावून बसतात. मी येणार असं मी कुठे लिहिलंय?

थंडी फार आहे, हात चालत नाही. एवढं पुरे.

ॲम्ब्रोज


२१ जानेवारी १९४५

ब्रायडी,

हे पत्र साहेबांनी वाचलेलं नाही. शेजारच्या फर्मुज गावचा डेनिस कोडी पाय गमावून घरी निघालाय, त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवून देतोय. इतके दिवस साहेब वाचतात हे मला सोयीचं होतं. लिहिता येत नाही असं स्वतःला सांगता येत होतं. आता ते कारण उरलं नाही.

हॉबडेची बोट माझ्या डाव्या हाताला होती. त्याने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. पहिली टेक लागली, त्याने इंजिन जोरात ठेवलं, वाळू खरवडत पार झाला आणि त्याची माणसं गुडघाभर पाण्यात उतरून पळाली. एकही बुडून मेला नाही. त्याला समुद्र ठाऊक नव्हता, म्हणून त्याने सांगितलेलं ऐकलं.

मला समुद्र ठाऊक होता. बोटीच्या बुडाला काही लागलं की आपला हात काय करतो ते तुला सांगायला नको. आपल्याकडे खाली खडक असतो. लागलं की त्याच क्षणी इंजिन बंद, नाहीतर फळ्या फुटून सगळे तळाला. बाबांनी मला ते मार देऊन शिकवलं होतं, मी दहा वर्षांचा असताना. बुडाला टेक लागली आणि माझ्या हाताने मागच्या इंजिनवाल्याला थांबायची घंटा मारली. डोक्याला विचारलंच नाही. त्याने इंजिन बंद केलं. घंटा ऐकून दारावरच्या गड्याला वाटलं की पोचलो, त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी होकाराने मान हलवली. बावीस वर्षं ज्या हातावर पोट भरलं, त्याच हाताने घात केला.

ती बोट माझी होती, ब्रायडी. कॉन माझ्याच बोटीत होता.

कठड्यापाशी काय झालं तेही अर्धंच सांगितलं होतं. रांगेतून तो पुढे आला, मला पाहिलं आणि म्हणाला, "काय रे ॲम, चिचुंद्रीला बोटीत घेतोस का?"

"पाय पुसून ये," मी म्हणालो.

"सुक्या पायांनी उतरव म्हणजे झालं. ब्रायडीचे मोजे आहेत. भिजवले तर जर्मनांच्या आधी तीच मारेल मला."

"गप बस पुढे. पुढे बसलास तर आधी उतरशील, आधी लपशील."

पुढे बस असं मी सांगितलं. मेव्हण्याला चांगली जागा दिली. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं, तर ते हे.

जाताना वाटभर बोललो. माझी जागा दाराला लागूनच, लोखंडी खोक्यात. मागे बसलेल्यांना मी दिसत नाही, पण दाराकडच्या फटीतून पुढचं दिसतं, आवाज येतो-जातो. तो म्हणाला की खाणीत त्याला एक दिवसही आवडलं नाही. पण मी चिचुंद्री म्हटल्यावर परत यायची लाज वाटली. लढाई संपली की एकाच होडीत जाऊ म्हणाला. मी बरं म्हणालो.

दार पडलं. पहिले तिघे उडी मारून नाहीसे झाले. मागच्यांना दिसलंच नाही, ते रेटत होते, गोळ्या चालू होत्या. मी ओरडलो तोवर अकरा गेले होते. वीस अजून आत होते. दार उघडं ठेवून बोट पुढे जात नाही, पाणी भरतं. बंद करून, जोर लावून पार व्हायचं, एवढाच मार्ग. आणि बुडणाऱ्याला वर घ्यायला थांबायचं नाही असा आम्हा सगळ्यांना हुकूम होता. सगळं बरोबर आहे. कोणत्याही चौकशीत मी सुटेन.

कॉन वर आला. त्याने दाराची कड दोन्ही हातांनी धरली होती. पोहता येत नव्हतंच, आपल्यात येतं कोणाला? बाबा म्हणायचे, पोहता येणारा फक्त उशिरा बुडतो. तो किंचाळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जाळं जड झालं की आम्ही एकमेकांना म्हणायचो तसं, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "जरा धर रे, ॲम."

मी दारावरच्या गड्याला म्हणालो, "उचल."

त्याने उचललं. हात सुटले. मग मी पूर्ण जोराची घंटा मारली आणि आम्ही उंचवटा पार केला. कॉन जिथे होता तिथूनच गेलो, दुसरी वाट नव्हती. दुसरी टेक लागली. वीस जण गुडघाभर पाण्यात उतरले. तो बिल्ला त्या वीस जणांसाठी आहे.

दुपारी ओहोटीला पाणी हटलं. आपल्याकडे जूनमध्ये केपलिन मासळी किनाऱ्यावर येऊन पडते, बादल्या घेऊन आपण जातो, तशी माणसं पडली होती. मी करडे मोजे शोधत फिरलो. सगळ्यांना बूट होते. मोजे दिसायचे तर प्रत्येकाचे बूट काढावे लागले असते. मी चौघांचे काढले, पाचव्याला माझे हात चालेनात.

आता हॉबडेची आई. तिने तुला उत्तर पाठवलं नाही, मलाच भेटायला बोलावलं. तुझ्या पत्रात माझं नाव होतं ना. मागच्या आठवड्यात गेलो. गल्लीतली अर्धी घरं बॉम्बने गेलेली, तिचं उभं. आठवड्याची सगळी साखर तिने माझ्या चहात घातली. आणि माझ्यासमोर उभी राहून माफी मागितली.

"तुमच्या बहिणीला काय तोंड दाखवू?" म्हणाली. "मी त्याला सांगितलं होतं हो, तुला पाण्याचं काही कळत नाही, तू त्यात पडू नकोस. बस मात्र नीट चालवायचा. बारा वर्षांत कुठे साधा ओरखडा नाही. विचारा कोणालाही."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जसं तुला सांगतोय तसं. ती ऐकत राहिली. मग तिने माझा हात हातात घेतला.

"तुम्ही फार भले आहात," म्हणाली. "मेलेल्या मित्रावरचा बोल स्वतःवर घेताय. पण बाईने स्वतः लिहिलंय की माझ्या नवऱ्याचं तुमच्या मुलामुळे झालं, पण मी माफ केलं. माफ केलेलं खोटं असतं का कधी?"

मी शपथ घेतली. ती म्हणाली, "शपथ नका घेऊ, पाप लागेल." आणि मला दारापर्यंत सोडायला आली. भिंतीवर वॉल्टरचा बसच्या टोपीतला फोटो होता. तो तिने मला दाखवला आणि पुन्हा उलटा, भिंतीकडे तोंड करून टांगला.

माझं खोटं तिने उचललं आणि आता ते मला परत देत नाही. माझ्या तोंडून तिला खरं पटणार नाही. फक्त तुझ्या हातून पटेल. म्हणून एवढं मागतो, आणि हे तुझ्याकडचं शेवटचं मागणं. तिला पत्र लिही. लिही की तुमच्या मुलाने आपली सगळी माणसं सुक्या जमिनीवर पोचवली. लिही की घंटा मारणारा आणि 'उचल' म्हणणारा माझा सख्खा भाऊ आहे. 'सख्खा' जरूर लिही, नाहीतर ती म्हणेल की बाई कोणाला तरी वाचवतेय.

वॉल्टरची मेणबत्ती बंद करू नकोस. माझ्यासाठी लावू नकोस.

होडी विकून टाक. मी गल कोव्हला येणार नाही. ॲग्नेस मोठी होईल, कधी ना कधी माझ्याकडे बघेल आणि विचारेल. तिला पोहायला शिकव. गावात शिकवणारं कोणी नाही हे मला माहीत आहे. फर्मुजला तळं आहे आणि तिथल्या शाळेत एक मास्तरीण आहे, ती बाहेरची आहे, तिला येत असेल. गाव हसेल, हसू दे. उशिरा बुडणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. तेवढ्या वेळात माणूस धरायला हात पुढे करतो, आणि समोर कोणीतरी माझ्यासारखा असतो. तिला कोणाच्या हाताची गरज पडू नये.

मला वेगळं उत्तर धाडू नकोस. हॉबडेबाईंनी फोटो पुन्हा सुलटा केला की त्या कळवतील मला, मी त्यांना तसं सांगून आलोय. त्यांचं पत्र आलं की तुझं वाचलं असं मी समजेन.

ॲम्ब्रोज